केबल धरून बसलेला माणूस

ज्येन शिन-फू घरातून एका फेरीत निघाला असं कधी होत नाही. तो बूट घालतो, दार ओढून घेतो, जिना उतरतो, कोपऱ्यावरच्या सोयाबीनच्या दुधाच्या गाडीपर्यंत जातो आणि तिथून परत फिरतो. गॅस बंद आहे ना, हे बघायला. गॅस बंदच असतो. आजवर तो एकदाही चालू सापडलेला नाही, आणि शिन-फूला याचं समाधान वाटण्याऐवजी काळजीच वाटते, कारण त्याच्या हिशेबाने याचा अर्थ तो दिवस अजून यायचा आहे. त्याची बायको पी-श्या सांगते, "लग्नाआधी हा मला घरी सोडून जायचा आणि थोड्या वेळाने परत यायचा. मला वाटायचं, काय जीव आहे बाई माझ्यावर. तो फाटकाची कडी बघायला यायचा."

हा माणूस आमच्या कंपनीत काम करतो. शीझी या उपनगरातल्या एका जुन्या कारखाना-इमारतीत आम्ही मासेमारीच्या बोटींवर लावायचे पडदे बनवतो. तांडेलाला त्यावर आपली बोट, किनारा, खडक, पाण्याची खोली असं सगळं रंगीत दिसतं. मी त्या पडद्यांची माहितीपुस्तकं लिहितो, म्हणजे यंत्र जे करत नाही ते करतं असं सभ्य भाषेत सांगतो. शिन-फू माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो आणि पडद्याच्या पोटातला, कुणालाही न दिसणारा भाग लिहितो.

तो भाग समजला नाही तर पुढचं सगळं व्यर्थ आहे, म्हणून सांगतो. पडद्याच्या आत चित्र काढणारी एक चिप असते. एक चित्र दाखवून झालं की ती घंटी वाजवते. तिला आम्ही इंटरप्ट म्हणतो. घंटी ऐकून जो हातातलं काम टाकून उठतो तो कर्नेल, म्हणजे संगणकाचा कारभारी. नकाशाचा प्रोग्राम बिचारा बाहेरच्या खोलीत बसलेला असतो, त्याला चिपशी थेट बोलायची परवानगी नसते. तो कारभाऱ्याला सांगतो, "आधीचं चित्र झालं की मला उठवा, मी पुढचं देतो," आणि झोपी जातो. घंटी वाजते, कारभारी उठतो, प्रोग्रामला हलवून जागं करतो, प्रोग्राम नवं चित्र देतो आणि पुन्हा आडवा होतो. हे इतक्या झपाट्याने चालतं की बघणाऱ्याला बोट अलगद सरकताना दिसते.

आणि एखादी घंटी कारभाऱ्याच्या कानावर पडलीच नाही तर? प्रोग्राम झोपलेलाच राहतो. चित्र मात्र पुसलं जात नाही. ते तिथेच राहतं, छान, रंगीत, ठळक आणि जुनं. पडदा काळा पडला तर माणूस शिव्या देतो आणि सावध होतो. थिजलेल्या चित्राकडे तो विश्वासाने बघत राहतो.

कारभाऱ्याने घंटी ऐकून काय करायचं, हे लिहिणारा माणूस म्हणजे शिन-फू.

शिन-फू जन्माने यीलानच्या पातीच्या कांद्याच्या गावचा. शेताच्या पाटापलीकडे पाणी त्याने कधी जवळून पाहिलं नव्हतं, आणि त्याला बोट इतकी लागते की मुलीच्या बाहुलीच्या टबात होडी फिरताना पाहूनही तो खिडकी उघडतो. अशा माणसाने लग्न केलं ते त्याच यीलानच्या किनाऱ्यावरच्या नानफांगआओ बंदरात, कोळ्यांच्या घरात. पी-श्याचा थोरला भाऊ लान थ्येन-फा हा त्या बंदरातला नावाजलेला तांडेल. आवाज भोंग्यासारखा, दात सुपारीने लाल, आणि बहिणीचा नवरा संगणकाचं काहीतरी करतो याचा अभिमान इतका की ते काहीतरी म्हणजे नेमकं काय, हे त्याने कधी विचारलं नाही.

आमचा नवा पडदा आला तेव्हा थ्येन-फाने तो पहिल्यांदा आपल्या बोटीवर लावला. जुना, वर्षानुवर्षं इमानाने चाललेला पडदा एका भाच्याला देऊन टाकला. समुद्राच्या देवीच्या, माझूच्या देवळातून अंगारा आणला, धक्क्यावर फटाक्यांच्या माळा लावल्या, आणि सगळ्या बंदराला बोलावून सांगितलं, "हे माझ्या दाजींनी बनवलंय." शिन-फू मागे उभा राहून म्हणत होता की मी एकट्याने नाही, त्यातला एक लहानसा भाग. फटाक्यांत ते कुणाला ऐकू गेलं नाही. महिनाभरात बंदरातल्या आणखी काही बोटींवर आमचे पडदे लागले.

वसंतात, धुकं पडायला लागलं तेव्हा, एका दुपारी थ्येन-फाचा फोन आला. शिन-फू डब्यातलं शिजवलेलं अंडं तोंडात घालत होता. ते तसंच हातात राहिलं. भोंग्याचा आवाज त्या दिवशी इतका खाली आला होता की मला शेजारी बसून एक अक्षर ऐकू आलं नाही, आणि थ्येन-फाचं बोलणं ऐकू न येणं हीच मुळात बातमी होती.

धुक्यातून परत येताना पडद्यावर खडक लांब दिसत होते. थ्येन-फा निवांत येत होता. मग त्याला लाटा फुटल्याचा आवाज आला, अगदी नाळेपुढे, बोटीच्या टोकाशीच. त्याने बोट वळवली आणि खडकाला हात लावता येईल इतक्या जवळून निघाला. बंद करून चालू केल्यावर पडदा पुन्हा शहाण्यासारखा वागायला लागला.

"दादा, तो काढून टाका," शिन-फू म्हणाला. "आजच काढा."

"काढू?" थ्येन-फा म्हणाला. "सगळ्या बंदरासमोर फटाके लावून बसवलाय. आता काढला तर लोक काय म्हणतील? लानच्या जावयाने खेळणं बनवलं म्हणतील. मी कुणाला सांगितलेलं नाही. तू बघ काय ते. तुझ्या हातचं आहे, तुला जमेल."

"दादा, हा जिवाचा प्रश्न आहे."

"म्हणूनच तर तुला फोन केला," थ्येन-फा म्हणाला आणि ठेवून दिला.

त्या दिवसापासून शिन-फू माणसातून उठला. दोष सापडत नव्हता आणि बोट रोज पाण्यात जात होती, त्यापलीकडे त्याच्या डोक्यात काही उरलं नव्हतं. सकाळी कचेरीत आल्या आल्या तो हवामानाच्या नकाशावर यीलानच्या किनाऱ्यावरचं धुकं बघायचा. दुपारी बोट परतल्याचा पी-श्याचा फोन येईपर्यंत कुणाशी बोलायचा नाही. फोन आला की अर्धा तास बरा असायचा, मग उद्याचं धुकं बघायला लागायचा. डबा तसाच्या तसा परत जायचा. आमच्याकडे सफाईला येणाऱ्या बाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "ज्येन साहेबांच्या घरी कुणी गेलंय का?" मी म्हटलं, "अजून नाही." उत्तर देऊन झाल्यावर ते मला स्वतःलाच कसंतरी वाटलं.

प्रयोगशाळेत तोच पडदा, तोच नकाशा, तीच बोट कागदोपत्री, म्हणजे संगणकानेच रचलेल्या, समुद्रात फिरवत ठेवली होती. ती दिवसेंदिवस फिरली. एकदाही थिजली नाही. शिन-फूने यंत्र तापवलं, गार केलं, एका हलणाऱ्या फळीवर बांधून गदागदा हलवलं. त्याने यंत्राला काही झालं नाही, ते बघून शिन-फूला मात्र उठून बाहेर जावं लागलं. आजारी यंत्राच्या आत काय चाललंय ते कळावं म्हणून आम्ही पहिल्याच क्षणी त्याला नेटवर्कची केबल जोडतो आणि त्यातून नोंदी बाहेर काढतो. डॉक्टर नाडी धरतो तसं. त्या नोंदी शिन-फू ओळीओळीने वाचायचा. सगळ्या घंट्या वाजल्या होत्या, सगळ्या ऐकल्या गेल्या होत्या.

आमचे विभागप्रमुख च्यांग साहेब हे शांत गृहस्थ. कारखान्याला आग लागली तरी ते आधी विचारतील की ही आग आपल्या विभागाची आहे का. ते म्हणाले, "शिन-फू, प्रयोगशाळेत दिसत नाही त्याला दोष म्हणता येत नाही. त्याला तक्रार म्हणतात."

"साहेब, निदान सगळ्या बोटींना कळवू या."

"काय कळवायचं? की आम्हाला काहीही सापडलेलं नाही?" मग ते खुर्चीत पुढे झाले. "बोटीवरच्या यंत्रावर पाकीट आहे का?"

इथे सांगायला हवं की आमच्याकडे कुठलंही यंत्र नीट चालावं म्हणून त्याच्यावर कुरकुरीत खाऊचं एक पाकीट ठेवतात. हिरवंच हवं, नारळाच्या चवीचं, तारीख न उलटलेलं, आणि ते खायचं नसतं. लाल किंवा पिवळं ठेवलं तर यंत्र तसल्याच रंगाचे दिवे लावतं. प्रयोगशाळेतल्या यंत्रावर आमचं हिरवं पाकीट होतंच.

"बोटीवर नाहीये," शिन-फू म्हणाला.

"मग," च्यांग साहेब म्हणाले, आणि खोलीतल्या सगळ्या पदवीधरांनी गंभीरपणे माना हलवल्या. मीही हलवली. हसायची सोय नव्हती, कारण चालणाऱ्या आणि न चालणाऱ्या यंत्रांत खरोखरच तेवढा एकच फरक आम्हाला दिसत होता. शिन-फूने त्याच दिवशी नवंकोरं पाकीट कुरिअरने थ्येन-फाला पाठवलं. देवळात नवस बोलताना असतो तसा त्याचा चेहरा होता.

आठवडा बरा गेला. मग थ्येन-फाचा पुन्हा फोन आला. पुन्हा थिजला होता. या वेळी ऊन होतं म्हणून काही झालं नाही.

दुसऱ्या दिवशी शिन-फूने पोट बिघडल्याची रजा टाकली. ती टाकली तेव्हा खोटी होती, पण दुपारपर्यंत अगदी खरी झाली. तो लॅपटॉप आणि केबल घेऊन, डोंगराच्या बोगद्यातून पलीकडे, उजाडताना नानफांगआओच्या धक्क्यावर पोचला. तिथे काय आणि पुढे पाण्यात काय झालं ते मला दोघांनीही सांगितलं, निरनिराळं. दोघांच्या सांगण्यात जेवढं जुळतं तेवढंच लिहितो.

थ्येन-फा दोऱ्या सोडत होता. त्याच्या खलाशाच्या घरी बाळंतपण होतं म्हणून तो एकटाच निघाला होता.

"दादा, शेवटचं सांगतो. काढा तो पडदा. मी तुमच्या पाया पडतो."

"धक्क्यावर पडू नकोस, लोक बघतायत," थ्येन-फा म्हणाला. "तुझ्या घरात कुणाची बहीण आहे? माझी आहे. तिच्या नवऱ्याची इज्जत मी काढू?"

"इज्जत राहू दे. तुम्ही राहा."

"मी राहतोच आहे. जन्मापासून इथेच राहतोय."

"मग मी येतो बरोबर," शिन-फू म्हणाला.

थ्येन-फाने त्याच्याकडे नीट पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, मुलगी कॉलेजात गेली, पण हा माणूस कधी बोटीची फळी ओलांडून आला नव्हता. सासऱ्यांच्या अस्थी समुद्रात सोडतानाही तो किनाऱ्यावर उभा राहून हात जोडत होता. "दाजी," तो म्हणाला, "बादली हिरवी घ्या. निळी माशांची आहे."

बंदराचं तोंड ओलांडायच्या आत बादलीचं काम सुरू झालं. थ्येन-फा म्हणतो की त्याने उभ्या आयुष्यात एका माणसात इतकं सामान पाहिलं नाही. शिन-फू म्हणतो की पहिल्यांदा त्याला भीती होती आपण मरू, आणि नंतर भीती होती की मरणार नाही. केबिनच्या फरशीवर, पडद्याच्या बरोबर खाली, तो भिंतीला पाठ लावून बसला. तिथून उठणं शक्य नव्हतं, म्हणून तिथूनच वर मान करून पडद्याकडे बघत राहिला.

"दादा, पाकीट कुठाय?"

"कुठलं?"

"मी पाठवलं होतं. हिरवं."

"हां, ते. छान होतं," थ्येन-फा म्हणाला. "नारळाची चव होती. थोडं गोड वाटलं मला."

शिन-फूने डोळे मिटले. तो नंतर मला म्हणाला की त्या क्षणी त्याने उरलीसुरली आशा सोडली. पंधरा वर्षं कर्नेल लिहिणारा माणूस.

थ्येन-फा दिवसभर गळांच्या दोऱ्या सोडत आणि ओढत होता. हिरव्या-सोनेरी अंगाचे मोठे मासे फळीवर आपटत होते, आणि आपटलेल्या प्रत्येक माशागणिक शिन-फू बादलीकडे वळत होता. पडदा झकास चालला होता. दुपारी परत फिरताना किनाऱ्याच्या बाजूने धुकं आलं. आधी डोंगर गेले, मग दीपगृह, मग बोटीची नाळसुद्धा पुसट झाली. थ्येन-फाने वेग कमी केला आणि पडद्यावर नजर लावली. खडक लांब होते. तो अगदी सावकाश, पडद्याकडे बघत, निघाला.

खाली फरशीवर बसलेल्या शिन-फूला किनारा, खडक असलं काही दिसत नव्हतं. त्याच्या नजरेच्या टप्प्यात फक्त पडद्याचा खालचा कोपरा होता, आणि तिथे पाण्याच्या खोलीचा आकडा. दिवसभर तो त्याच आकड्याकडे बघून स्वतःला धीर देत होता, कारण तो लाटेबरोबर सारखा थोडा थोडा हलायचा. आता त्याच्या पोटाला लाटा कळत होत्या, पण आकडा हलत नव्हता.

"दादा," तो म्हणाला. "चित्र मेलंय."

थ्येन-फाने पडद्याकडे पाहिलं. पडदा उजळ होता, सुंदर होता. "चालू तर आहे."

"मेलंय. थांबवा. दादा, थांबवा."

थ्येन-फाने इंजिन न्यूट्रलला टाकलं. बोट थांबली, पण समुद्र थांबला नव्हता. लाट मागून येत होती आणि बोटीला पुढे ढकलत होती, आणि पुढे काय आहे ते दोघांनाही माहीत नव्हतं. थ्येन-फा पडदा बंद करायला हात पुढे करणार, तोच शिन-फूने त्याचा हात धरला. दुसऱ्या हाताने तो पिशवीतून केबल काढत होता. यंत्र मेलं की आधी नाडी धरायची, त्याशिवाय कशाला हात लावायचा नाही, हे त्याच्या हाडात होतं. बंद करून चालू केलं की पुरावा जातो.

"दाजी, अरे पंचनामा नंतर कर. आधी त्याला जिवंत कर."

"एक क्षण. फक्त एक क्षण."

"खडक आहेत रे पुढे."

"माहिती आहे. मला हेच कळायला हवंय," शिन-फू म्हणाला. थ्येन-फा सांगतो की तो हे रडत रडत म्हणाला. शिन-फू म्हणतो, डोळ्यांतून पाणी उलटीमुळे येतं.

त्याने केबल लॅपटॉपला लावली आणि दुसरं टोक पडद्याच्या मागे चाचपून खोचलं.

पडदा जागा झाला. त्याला कुणी हात लावला नव्हता, बटण दाबलं नव्हतं. किनारा एकदम उडी मारून जवळ आला आणि खडक नाळेच्या अगदी पुढ्यात, लालभडक उभे राहिले. थ्येन-फाने सुकाणू फिरवून इंजिनाला सगळी ताकद दिली. शिन-फू, बादली, लॅपटॉप आणि एक मोठा मासा केबिनच्या एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर गेले. डाव्या अंगाला लाटा फुटल्याचा आवाज आला, धुक्यातून पाण्याचे तुषार आत आले, मग आवाज मागे पडला.

भिंतीवर आपटल्यावर केबल निसटली होती. काही वेळात पडद्यावरचे खडक जिथल्या तिथे थांबले.

"गेला पुन्हा," थ्येन-फा ओरडला.

शिन-फूने गुडघ्यांवर सरकत जाऊन केबल पुन्हा खोचली. खडक मागे सरकले. मग तो तसाच, हात पडद्याच्या मागे घालून, गप्प बसला. असा गप्प तो कचेरीत बसतो तेव्हा आम्ही त्याच्याशी बोलत नाही.

"काय झालं?" थ्येन-फाने विचारलं.

"एका तारेवर दोन घंट्या आहेत," शिन-फू म्हणाला.

चित्राच्या चिपची घंटी आणि नेटवर्कच्या चिपची घंटी कारभाऱ्याकडे एकाच तारेने येत होत्या. तार वाजली की कारभारी उठून दोघांनाही विचारतो, तू वाजवलीस का. कधीतरी असं व्हायचं की कारभारी आधीच्या घंटीचं काम आवरून दार लावत असतानाच चित्राची घंटी पुन्हा वाजून जायची. त्याला ऐकू यायची नाही. आमच्याकडे प्रयोगशाळेत पुढच्याच क्षणी नेटवर्कची घंटी वाजायची, कारभारी उठायचा, सवयीने दोघांना विचारायचा, आणि चित्राची चिप म्हणायची, माझं केव्हाच झालंय. प्रोग्राम जागा व्हायचा, कुणाला काही कळायचं नाही. समुद्रात नेटवर्क नसतं. तिथे दुसरी घंटी वाजवणारं कुणी नव्हतं. दोष शोधायला म्हणून जी केबल आम्ही इतके दिवस जोडून बसलो होतो, तीच त्याला झाकत होती.

दार लावण्याआधी पुन्हा एकदा डोकावून बघ, एवढं कारभाऱ्याला सांगायचं राहिलं होतं. ते सांगायचं काम शिन-फूचं होतं. गॅससाठी जिना चढून परत येणाऱ्या शिन-फूचं.

"दादा, मी हे लिहिलंय," तो म्हणाला. "माझ्या हातचं आहे हे."

"मी तेच तर सगळ्यांना सांगत होतो," थ्येन-फा म्हणाला.

केबलच्या टोकाची प्लास्टिकची कडी तुटलेली होती. आमच्या कचेरीतल्या झाडून सगळ्या केबलींची ती तुटलेली असते, आणि कुणी कधी बदलत नाही. ती आपणहून जागेवर राहत नव्हती, त्यामुळे शिन-फूला ती दोन बोटांत धरून दाबून ठेवावी लागली. बोट हलली की हात हलायचा, हात हलला की केबल निसटायची आणि चित्र कुठल्याही क्षणी थिजू शकायचं. त्याने दुसऱ्या हाताने पहिला हात धरला. बादली कुठेतरी घरंगळून गेली होती. त्याबद्दल दोघांपैकी कुणीही मला जास्त सांगितलं नाही.

तशा स्थितीत तो म्हणाला, "दादा, बाकीच्या बोटी."

धुक्यात त्या दिवशी आमचे पडदे लावलेल्या आणखी चार बोटी होत्या. त्यांना ते त्यानेच घ्यायला लावले होते.

"दादा, वायरलेस तुमच्या हातात आहे. मी हात काढू शकत नाही, नाहीतर मी सांगितलं असतं."

वायरलेसचं ते चॅनल सगळं बंदर ऐकतं. बर्फाच्या कारखान्यात लागलेलं असतं, माशांच्या लिलावात लागलेलं असतं, देवळाच्या कचेरीत लागलेलं असतं. तांडेलांच्या बायका भाजी चिरताना ते ऐकतात. थ्येन-फाने बोलायचं यंत्र उचललं, परत ठेवलं, सुपारीचा चोथा थुंकला, आणि पुन्हा उचललं.

"लान थ्येन-फा बोलतोय," तो म्हणाला. "माझ्याकडचा नवा पडदा खोटं बोलतो. चित्र थिजतं. तुम्ही माझ्या सांगण्यावरून घेतलात त्यांनी तो बंद करा आणि जागेवर थांबा. खडक दिसतात त्यापेक्षा जवळ आहेत. मी आत्ता थोडक्यात वाचलोय." त्याने खाली फरशीवर पाहिलं. "दोष माझ्या दाजींनी पकडलाय. ते माझ्या बोटीवर आहेत. सकाळपासून."

थोडा वेळ नुसती खरखर आली. मग एक आवाज आला, "दाजी बोटीवर? जिवंत आहेत का?"

"थोडेफार," थ्येन-फा म्हणाला.

"तुझे फटाके अजून माझ्या कानात वाजतायत, थ्येन-फा," दुसरा म्हणाला. "बंद केला. थांबलोय."

तिसऱ्याने शिवी दिली आणि बंद केला असं सांगितलं. चौथी बोट श्यूंगकाकांची होती. श्यूंगकाका बंदरातले सगळ्यात म्हातारे तांडेल. थ्येन-फाने हाक मारली. पुन्हा मारली. इतरांनी मारली. उत्तर आलं नाही.

थ्येन-फाने बोट धक्क्याला लावली तेव्हा पावसाची बारीक झिमझिम सुरू झाली होती. पी-श्या माहेरी आली होती आणि तिने वायरलेस ऐकला होता. ती छत्री न घेता धक्क्यावर उभी होती. इतर बोटी धुकं जरा विरळ होताच एकेक करून, माणूस नाळेवर उभा करून, चाचपत आत आल्या. श्यूंगकाका आले नाहीत.

शिन-फूने तिथूनच कचेरीत फोन केला. मी उचलला. त्याचा आवाज मला ओळखू आला नाही. तो म्हणाला, "केबल काढ." मी विचारलं, कुठली. तो म्हणाला, "सगळ्या यंत्रांच्या. नाडी सोड." मी च्यांग साहेबांना बोलावलं आणि त्यांच्यासमोर प्रयोगशाळेतल्या यंत्राची केबल उपटली. आम्ही सगळे गोळा होऊन बघत राहिलो. कागदोपत्री बोट कागदोपत्री समुद्रात फिरत होती. चहा गार झाला. कुणीतरी म्हणालं, चाललंय की. आणि मग ती बोट थांबली. वर हिरवं पाकीट होतं, तारीख न उलटलेलं, पोट फुगवून बसलेलं. च्यांग साहेब त्याच्याकडे खूप वेळ बघत राहिले आणि मग हळूच म्हणाले, "शिन-फूला सांगा, दिसलं. सगळ्या बोटींना कळवा. आत्ता."

"एक बोट आलेली नाही, साहेब," मी म्हणालो. त्यावर त्यांनी या वेळी स्वतःच फोन उचलला.

धक्क्यावर शिन-फू भिंतीला टेकून बसला होता. लोक त्याच्याभोवती होते आणि कुणी त्याच्याशी बोलत नव्हतं. श्यूंगकाकांचा मुलगा दुसऱ्या बोटीचं इंजिन चालू करत होता. थ्येन-फा पाण्याकडे बघत उभा होता. शिन-फू मधून मधून उठायचा, धक्क्याच्या टोकापर्यंत जायचा, बघायचा आणि परत येऊन बसायचा. पुन्हा उठायचा. पी-श्याने त्याला एरवी अशा वेळी ओढून बसवलं असतं. तिने बसवलं नाही. ती त्याच्याबरोबर जात होती आणि परत येत होती.

अंधारायच्या बेताला धुक्यातून फटफट आवाज आला. श्यूंगकाकांची बोट आपल्या नेहमीच्या चालीने, जरासुद्धा घाई न करता, तोंडातून आत आली. काका सुकाणूवर विडी ओढत होते.

"काय रे, कोण गेलं?" त्यांनी धक्क्यावरची गर्दी बघून विचारलं.

"काका, वायरलेस का उचलत नव्हता?" थ्येन-फा ओरडला. भोंगा परत आला होता.

"बंद असतो माझा. तुझी काकू असते त्या चॅनलवर."

"आणि पडदा? काका, तो नवा पडदा?"

"कुठला पडदा?" काकांनी मागे वळून केबिनमध्ये पाहिलं. "हां, तो होय. चांगला आहे की. मागून गरम होतो ना, टॉवेल लगेच वाळतो."

आणि त्यांनी खरोखरच केबिनमधला टॉवेल ओढला. आमचा पडदा खाली उजळलेला होता. त्यावर सकाळचं बंदर, सकाळचं पाणी, सकाळची बोट, अगदी ठळक दिसत होतं. काकांनी टॉवेलने तोंड पुसलं आणि पुन्हा तो तिथेच टाकला. आता हसावं की काय करावं ते कुणालाच कळत नव्हतं. सगळ्यांत आधी श्यूंगकाकांचा मुलगा इंजिन बंद करून खाली बसला.

शिन-फू धक्क्याच्या टोकाला उभा होता. पी-श्याने त्याचा हात घट्ट धरला आणि तिच्या लक्षात आलं की त्याची दोन बोटं अजून चिमटीसारखी वळलेली आहेत. केबल बोटीवरच राहिली होती, पण बोटं ती धरून होती. ती उलगडायला गेली तर उलगडेनात.

"सोड आता," ती म्हणाली. "आले ना काका. सगळे आले."

"हो," शिन-फू म्हणाला. "श्यूंगकाका आलेत ना नक्की? एकदा बघून येतो."